एका वेलाची जोडी

"आडवा नको, उभा धर! माणूस हाय तो, सिमेंटचं पोतं न्हाई!"

दस्तगीरमामा ट्रकच्या फाळक्यापाशी उभे राहून ओरडत होते. हमाल घामाघूम झाला होता आणि वैतागलाही होता.

"चाचा, सकाळपासून ढीगभर गिटारी उतरवल्या. एका शब्दानं कुणी बोललं नाही मला."

"गिटारीच्या पोटात भोपळा न्हाई. ह्याच्या हाय. आण, माझ्याकडं दे."

आणि साठी उलटलेल्या त्या माणसानं ते लांबलचक खोकं तान्ह्या पोराला घ्यावं तसं दोन्ही हातांवर घेतलं. खोक्यावर काळ्या शाईनं 'मुंबई' असं लिहिलं होतं. मामांनी ते दालनात आणलं, गालिच्यावर टेकवलं, आणि उघडायच्या आधी पुठ्ठ्याला कान लावला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"झोपलाय," मामा म्हणाले. "लांबचा प्रवास झाला."

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची कंपनी, 'निनादिनी', तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. एके काळी राज्यातल्या अकरा शहरांत तिची वाद्यांची दालनं होती. काचेच्या भिंती, थंडगार हवा, एका बाजूला गिटारी, एका बाजूला कीबोर्ड, आणि आत खास खोलीत पेट्या, तबले, सतारी, तंबोरे. मग एकेक मिटत गेलं. आधी नागपूर, मग औरंगाबाद, मग मुंबई. जे दालन मिटे, त्याचा उरलेला माल आमच्याकडे कोल्हापूरला येई. पंचगंगेचा पूर उतरताना सगळा गाळ एका वळणावर साचतो ना, तसं आमचं झालं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हतं.

म्हणजे लोक येत, नाही असं नाही. कॉलेजची पोरं येत, गिटार मांडीवर घेत, मनसोक्त छेडत. मग फोन काढून त्याच गिटारीचा फोटो शोधत आणि गोड हसून "थँक यू मॅडम" म्हणून निघून जात. पुढच्या आठवड्यात तीच पोरं फोनवरून मागवलेल्या गिटारीची खुंटी बसत नाही म्हणून मामांकडे परत येत. मामा शिव्या देत देत खुंटी बसवून देत. दालनं वाढवायला कंपनीनं कर्ज काढलं होतं, आणि कर्ज फेडायचं म्हणून पुन्हा दालनं वाढवली होती. त्या महिन्याच्या अखेरीस आमचंही शटर कायमचं खाली येणार होतं.

मी तिथं भारतीय वाद्यांच्या काउंटरवर होते. माझं आडनाव गोंधळी. आबा संबळ वाजवत, आई मागून झील धरे. आमचे मॅनेजर पेंढारकर साहेब मुलाखतीत म्हणाले होते, "तुमच्या तर घरातच वाद्यं आहेत की!" आणि मला घेतलं होतं. दस्तगीर शिकलगार तिथले कारागीर. मिरजेचे. सगळे त्यांना मामा म्हणत, साहेबसुद्धा.

मामांनी खोकं उघडलं. आतून भुशाचा आणि दमट लाकडाचा वास आला. तंबोऱ्याच्या तारा सैल होत्या, पॉलिश कुठं कुठं पांढुरकं पडलं होतं, पण भोपळा धड होता. मामांनी त्याच्यावरून तळहात फिरवला. मग उठून आतल्या खोलीतून आपला तंबोरा आणला आणि याच्या शेजारी उभा केला.

मी पाहतच राहिले. तेच अंग, तीच पानांची नक्षी. एकाचा वेल डावीकडे वळलेला, दुसऱ्याचा उजवीकडे.

"मी केला तो हा," मामा म्हणाले. "आन् हा इलाहीच्या हातचा."

इलाही म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत दोघांचा मिळून एक छोटा कारखाना होता. भीमेकाठच्या एका शेतकऱ्याकडून त्यांनी एकाच वेलाचे दोन भोपळे आणले होते आणि एकेकानं एकेक तंबोरा केला होता. तंबोरे असे जोडीनं करतात. गाणाऱ्याच्या मागं एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही मिळून एकच आवाज लागला पाहिजे. जोडी फोडून विकायची नसते.

पुढं मामींचं आजारपण निघालं. घरात महिन्याला नेमका पगार यायला हवा होता, म्हणून मामा आमच्या कंपनीत आले. इलाहीभाईंना ते पटलं नव्हतं. तरी दालनाच्या उद्‌घाटनाला त्यांनी ही जोडी दिली. एवढंच म्हणाले, वेगळे करू नका.

पण कंपनीच्या संगणकाला जोडी ठाऊक नव्हती. दोन वस्तू, किमतीच्या दोन चिठ्ठ्या. मुंबईच्या दालनाला एक तंबोरा हवा होता. त्या दिवशी मामा मामींना घेऊन दवाखान्यात गेले होते. परत आले तर इलाहीभाईंचा तंबोरा ट्रकमध्ये चढून गेलाही होता. मामांनी किती विनवण्या केल्या. साहेबांनीही वर लिहिलं. वरून कधी उत्तरच आलं नाही.

इलाहीभाई एकदा दालनात आले. मामांचा तंबोरा एकटा उभा पाहिला आणि पाणीही न पिता माघारी फिरले. मामी गेल्या तेव्हा त्यांनी खांदा दिला, मातीही दिली, पण भावाशी बोलले नाहीत.

"मग आता?" मी विचारलं. "महिना संपल्यावर काय करणार, मामा?"

मामा खुंट्या तपासत होते. "कारखान्यात माझी जागा हाय. खिडकीपाशी. बसीन."

"भाऊ बसू देतील?"

"तेच तर बघायचं. पगार नको मला, वाटा नको. बूड टेकायला पाट दिला तरी बास." त्यांनी मान वर केली. "जोडी एकत्र आली की देईल. का न्हाई देणार? तू फोन लाव त्याला. माझा उचलायचा न्हाई."

मी लावला. पलीकडे कानस घासल्याचा आवाज येत होता, खर्र खर्र.

"मी रेणुका गोंधळी बोलतेय, कोल्हापूरहून. निनादिनीतून. जोडी परत एकत्र आलीय. मामा म्हणतात, ऐकायला या."

कानस थांबली नाही. वाटलं, ऐकूच गेलं नसेल. मग आवाज आला, "शुक्रवारी येतो. नमाज झाल्यावर."

मी सांगितलं तेव्हा मामा नुसते उठले आणि दोन कप चहा सांगून आले. कप दोन, पण दोन्ही त्यांनीच प्यायले.

मग कामाला बसले. दालनात 'सेल'चे लाल फलक लोंबत होते, बाहेर स्पीकरवर कुणीतरी भाव ओरडत होतं, आणि आतल्या खोलीत मामा त्या तंबोऱ्याच्या तारा बदलत होते. मी गिऱ्हाईक नसेल तेव्हा जाऊन बसायची. एक तंबोरा इतकी वर्षं थंड कोरड्या हवेत सुकला होता, दुसरा समुद्राच्या दमट हवेत मऊ पडला होता. मामा एक तार छेडत, डोळे मिटत, मग दुसऱ्याची छेडत. मला ते ऐकता ऐकता काहीबाही सुचत गेलं आणि मी गुणगुणायला लागले,

"एका वेलाचे दोघे जण, एक अंगणी, एक रानी,
एका ऊन गं सोसेना, एका सोसेना गं पाणी."

मामांचा हात थांबला. "कुणाचं हे? तुझ्या आईचं?"

"नाही. आत्ताच जुळलं."

"पुढं?"

"पुढचं नाही सुचलं अजून."

"नको जुळवूस," मामा म्हणाले. "शुक्रवार होऊ दे."

गुरुवारी एक गृहस्थ आले. कुठल्याशा नव्या हॉटेलची सजावट त्यांच्याकडे होती. पेट्या, सतारी सगळं धुंडाळून ते नेमके आतल्या खोलीत शिरले.

"हा द्या. लॉबीत कोपऱ्यात उभा करायचाय. वर एक दिवा सोडला की झक्क दिसेल."

"अजून सूर लावतोय साहेब," मामा म्हणाले.

"लावू नका हो. वाजायची गरजच नाही."

मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच मध्ये पडले. "हा विकला गेलाय, सर."

"मग तो दुसरा?"

"दोन्ही."

ते कुरकुरत पेंढारकर साहेबांकडे गेले. साहेब आले. बिचारे चांगले होते. त्या महिन्यात त्यांचे गाल आत गेले होते. वरून रोज फोन येई, आज किती गेलं म्हणून.

"रेणुका, अगं, एक तरी जातोय."

"सर, उद्यापर्यंत. मामांचे भाऊ येणारेत."

साहेबांनी मामांच्या पाठीकडे पाहिलं. मामा वळले नव्हते. तंबोऱ्यावर वाकून तसेच बसले होते.

"हे बघ," साहेब हळूच म्हणाले, "मी जेवायला गेलोय. उद्या संध्याकाळपर्यंत जेवतोच आहे, असं समज."

आणि त्या हॉटेलवाल्याला खांद्यावर हात टाकून झुंबरासारख्या दिसणाऱ्या घुंगरांकडे घेऊन गेले.

त्या दुपारी सूर जवळ जवळ आले. पहिल्या तीन तारा अशा मिसळल्या की कुठली कुणाची कळेना. पण चौथी, खर्जाची जाड तार, काही केल्या जमत नव्हती. मामांच्या तंबोऱ्याचा खर्ज छेडला की घोंघावत राही, देवळातल्या घंटेखाली उभं राहावं तसा. इलाहीभाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज बोले आणि लगेच मिटे. शब्द ओठांवर आणून गिळून टाकावा, तसा.

मामांनी तार छेडली. ऐकली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर बोट फिरवलं. मग कानस कापडात गुंडाळून ठेवून दिली.

"मामा, खर्ज अजून नीट बोलत नाही."

"ऐकू येतं मला."

"मग?"

"असू दे तसाच."

"असू दे काय? उद्या भाऊ येणार!"

"म्हणूनच," मामा म्हणाले, आणि हसले. त्या सगळ्या महिन्यात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. खोडी काढून लपून बसलेल्या पोरासारखं. "तू गप बस. तुला काय कळतंय आमच्यातलं?"

मला खरंच कळलं नाही. वाटलं, थकले असतील. सकाळी करतील. पण शुक्रवारी सकाळी त्यांनी खर्जाला हातही लावला नाही. दाढी करून, पांढरी टोपी घालून, धुतलेल्या सदऱ्यात आले. खोलीतला पसारा आवरला. दोन तंबोरे समोरासमोर ठेवले आणि मध्ये एक सतरंजी अंथरली.

दुपार उलटल्यावर इलाहीभाई आले. मामांहून उंच, अंगानं सडसडीत, बोटांना लाखेचे डाग. दारातल्या लाल फलकांकडे, ढिगाने रचलेल्या कीबोर्डांकडे पाहत पाहत आत आले. मामा उठून उभे राहिले. क्षणभर वाटलं मिठी मारतील. इलाहीभाईंनी हात कपाळाशी नेला, सलाम केला आणि सतरंजीच्या कडेला बसले.

मी चहा आणला. त्यांनी घेतला. पाणीही प्यायले. माझा जीव भांड्यात पडला.

"पोरं काय म्हणतात?" मामांनी दखनीत विचारलं. दोघे भाऊ आपसात त्याच घरच्या बोलीत बोलत. मला ती ऐकून ऐकून समजे.

"बरी आहेत," इलाहीभाई मराठीत म्हणाले. "दोघंही कामाला बसतात आता. जागा पुरत नाही."

मला वाटलं, मी समोर आहे म्हणून मराठीत बोलले. चांगलं वाटलं उलट.

"ऐक आता," मामा म्हणाले, आणि आपला तंबोरा मांडीवर घेतला. दुसरा इलाहीभाईंकडे सरकवला.

पण इलाहीभाईंनी तो मांडीवर घेतला नाही. मला म्हणाले, "ताई, तुम्ही धरा. मी ऐकतो."

म्हणून त्यांच्या हातचा तंबोरा मी धरला. मामांनी छेडायला सुरुवात केली, त्यांच्या पाठोपाठ मी. बाहेर स्पीकर बडबडत होता, तरी त्या खोलीत हळूहळू आवाज भरत गेला. पहिली तार, मधल्या दोन. अंगावर काटा आला माझ्या. आणि मग खर्ज. मामांचा घोंघावला. माझ्या मांडीवरचा बोलला आणि मिटला.

पुन्हा तारा फिरल्या. पुन्हा खर्ज मिटला.

इलाहीभाईंची पापणी लवली. फक्त तेवढंच. त्यांनी ते ऐकलं होतं. न ऐकणं त्यांना शक्यच नव्हतं. मामा त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, आणि मामांच्या ओठांच्या कोपऱ्यात कालचं ते हसू येऊन थांबलं होतं.

मामांनी हात थांबवला. "सच्ची बोल, इलाही. कैसे लगे?"

इलाहीभाईंनी रिकामा कप बशीत ठेवला. ती बशी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. मग म्हणाले, "छान आहेत."

मामा पुढं झुकले.

"खरंच छान आहेत. दोन्ही एकजीव बोलतात. इतकी वर्षं झाली तरी आवाज उतरला नाही. तुम्ही फार चांगले ठेवलेत."

"खर्ज ऐकलास?" मामांचा आवाज मला ओळखू आला नाही. "इलाही, खर्ज ऐक पुन्हा एकदा."

"ऐकला की. भरदार आहे. काही करायला नको."

ते उठले. आपल्या तंबोऱ्याला त्यांनी हात लावला नाही, पण त्याच्या समोर थोडा वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "चहा चांगला होता, ताई." मामांना पुन्हा सलाम केला आणि आले तसे, कीबोर्डांच्या ढिगांमधून वाट काढत, निघून गेले.

मला आनंद आवरत नव्हता. "मामा! आवडली की त्यांना! किती नावाजलं!"

मामा खाली बघत होते.

"मामा?"

"बस," ते म्हणाले. मी तंबोरा मांडीवर घेऊन पुन्हा बसले. "आमच्या घरात चांगलं कुणी म्हनत न्हाई, रेणुका. बाप मरेपर्यंत माझ्या एका तंबोऱ्याला बरं म्हनला न्हाई. 'दांडी जड झाली. घोडी बसली. उचल, पुन्यांदा कर.' आम्ही भाऊ भाऊ तसंच. सकाळपास्नं रातपातुर एकमेकाच्या चुका काढायच्या. जो आपला, त्याला चूक दाखवायची."

"आणि चांगलं?"

"चांगलं गिऱ्हाइकाला म्हनायचं. अहो-जाहो करायचं, मराठीत बोलायचं, चांगलं म्हनायचं. ते त्याच्या घरी जानार असतंय."

मला मघाचं ते 'तुम्ही फार चांगले ठेवलेत' आठवलं.

"म्हटलं, खर्ज ऐकून पेटंल," मामा म्हणाले. "'म्हाताऱ्या, एवढी घोडी बसवाय येईना व्हय तुला? माझ्या तंबोऱ्याचं वाटोळं केलंस. आण घरी, उचल!' असं म्हनंल. शिव्या घालंल. म्हनून ठेवला हुता तसा."

बाहेर स्पीकर बंद झाला. साहेब कुणाला तरी खोकी मोजायला सांगत होते. मामांनी कापड उलगडून कानस काढली. इलाहीभाईंचा तंबोरा माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतला, खर्जाची तार बाजूला सारली आणि घोडीवर कानस फिरवली. हलक्या हातानं, थोडीच. फुंकर मारली. तारेखालचा दोरा नखभर पुढं सरकवला. एक कप चहा गार व्हायच्या आत काम झालंही होतं.

"छेड," म्हणाले, आणि आपला तंबोरा माझ्याकडे दिला.

मी छेडला. त्यांनी छेडला. चार तारा फिरून खर्जावर आल्या, आणि मला कळेना आवाज माझ्या मांडीतून येतोय की त्यांच्या. भिंतीला टांगलेल्या सतारींच्या तरफा, पडद्यांखालच्या बारीक तारा, आपोआप गुणगुणायला लागल्या. दारात पेंढारकर साहेब येऊन उभे राहिले होते. हातातला फोन वाजत होता, तो त्यांनी उचलला नाही.

मामांनी डोळे मिटले होते. बऱ्याच वेळानं उघडले.

"झालं," म्हणाले. "आता उतरव. ट्रक येईल."

वाद्य लांब पाठवायचं तर तारा सैल कराव्या लागतात, नाहीतर ताणानं भोपळा तडकतो. मामा महिनाअखेरीला विजापूरला मुलीकडे गेले. पुन्हा त्यांनी कानस हातात धरल्याचं मी ऐकलं नाही. मिरजेच्या गल्लीतून मी कधी गेले तर कारखान्याच्या खिडकीपाशी इलाहीभाईंचा मुलगा बसलेला दिसतो. आणि जोडी? त्या शेवटच्या दिवसांत कुठला माल कुठल्या गाडीत चढला, कुणीच सांगू शकत नाही.

पण त्या दुपारी आम्ही दोघांनी समोरासमोर बसून खुंट्या उलट्या फिरवल्या. तार सैल होते तेव्हा ती एकदम गप्प होत नाही. मामा एकेक पीळ सोडत होते आणि मध्ये मध्ये छेडून बघत होते. सूर खाली आला, आणखी खाली आला, मग तो सूर राहिला नाही, नुसती घरघर राहिली. मग तीही राहिली नाही. तरी मामांचं बोट तारेवर फिरतच होतं.